दहावं नाव

४ ऑगस्ट, सोमवार

नोंदणीचा पहिला दिवस. सातलाच कचेरीच्या खिडकीशी रांग लागली होती. अर्ज घ्यायचा, सह्या तपासायच्या, शिक्का मारायचा आणि विषयाच्या यादीत नाव चढवायचं, हे काम मी बावीस वर्षं करते आहे. त्यात लिहून ठेवण्यासारखं काही नसतं. आज होतं.

अकराच्या सुमारास ट्रेमधून एक अर्ज उचलला आणि अक्षर ओळखीचं वाटलं. सेलिसा दालुंपिनेस, तिसरं वर्ष. माझी मुलगी. ऐच्छिक विषयाच्या चौकटीत तिने लिहिलं होतं, 'किनाऱ्यावरची जंगलं'. परवा जेवताना मला म्हणाली होती की 'कार्यालयीन पत्रव्यवहार' घेणार आहे.

हा विषय एकोणीस वर्षं माझ्या नवऱ्याने शिकवला. गेल्या वर्षी तेरा सप्टेंबरला आन्सेल्मो ओहोटीच्या वेळी एकटाच खाजणात, किनाऱ्याच्या दलदलीत, रोपं मोजायला गेला. भरती सुरू झाली तरी आला नाही. आमच्याकडे गाळात उतरताना चपला बांधावर काढून ठेवतात. त्या संध्याकाळी तिथे एकच जोड उरला होता. त्यावरून लोकांना कळलं की कुणीतरी आत राहिलं आहे.

त्या अर्जावर शिक्का वाकडा बसला. शेजारच्या टेबलावरच्या मानांग पासिंगने लगेच पाहिलं. मानांग म्हणजे ताई, मुलं मलाही तेच म्हणतात. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"काय गं इसिंग, बावीस वर्षांत पहिला वाकडा शिक्का! आज लॉटरीचं तिकीट काढ."

"शाई जास्त झाली," मी म्हटलं.

नियम असा आहे की पंधरा दिवसांत दहा नावं आली नाहीत तर ऐच्छिक विषय त्या सत्रापुरता रद्द होतो. निघताना किनाऱ्याच्या विषयाची यादी पाहिली. तीन नावं होती. तीनच राहू देत, असं मनात म्हटलं. घरी येताना चर्चवरून गेले तेव्हा मान वर केली नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

जेवायला भात, सुका मासा, टोमॅटो. सेलिसा अर्जाबद्दल काही बोलली नाही. मीही नाही. आमच्या घरात बोलायचं काम आन्सेल्मो करायचा. तो भरती-ओहोटीच्या वेळासुद्धा जेवताना सांगायचा, आम्ही न विचारता.

दारामागची त्याची बांबूची काठी दिसत नाही. शेजाऱ्यांनी पेरू पाडायला नेली असेल. न विचारता नेतात.

७ ऑगस्ट, गुरुवार

पर्यावरणाच्या विषयांना या वर्षी मुलांची गर्दी आहे. 'कचरा आणि शहर'ला एक्केचाळीस नावं, 'हवामान आणि शेती'ला तेहतीस, 'पक्ष्यांची नोंद'ला सव्वीस, कारण तिथे प्रत्येकाला दुर्बीण वापरायला मिळते. किनाऱ्याला सात.

आन्सेल्मोच्या वेळी चाळीसच्या खाली कधी गेली नाहीत. प्रत्येक वर्षी मुलांना हिरवे टी-शर्ट मिळत, फलक धरून गाळात फोटो निघत, आणि कांदळाच्या लांब शेंगा ओळीने रोवल्या जात. कांदळाचं सोपं असतं. शेंग पेन्सिलीसारखी सरळ, गाळात खुपसली की झालं. फाटकापाशी तो फोटो अजून मोठ्या फळ्यावर आहे. मध्ये आन्सेल्मो, हसतोय.

आता हा विषय क्विरांते मॅडमकडे आहे. एकोणतीस वर्षांची मुलगी, त्याचीच विद्यार्थिनी. आज ती यादी बघायला खिडकीशी आली तेव्हा रांगेतल्या एका मुलाने तिला विचारलं,

"मॅडम, टी-शर्ट मिळणार का?"

"नाही."

"रोपं किती लावायची?"

"एकही नाही. या वर्षी मोजायचं."

"मग फोटो कसला काढायचा?"

"मेलेल्या रोपांचा काढ. हवी तितकी आहेत."

मुलगा हसला आणि दुर्बीणवाल्या रांगेत गेला. मला हायसं वाटलं. मॅडमच्या चेहऱ्याकडे बघून लाजही वाटली, पण कमी.

८ ऑगस्ट, शुक्रवार

हे मी फक्त इथेच लिहिते आहे.

आज दुपारपर्यंत नऊ नावं झाली होती. साडेतीनला जोनेल तुपास नावाचा मुलगा आला. शेतकी विभागातला आहे. त्याने दहावा अर्ज दिला. सल्लागाराची सही होती, पण तारीख नव्हती. असे अर्ज मी नेहमी घेते. तारीख मी स्वतः शाईने टाकते, सगळे टाकतात.

मी त्याला म्हटलं, "हा अपुरा आहे. बघते."

"कधी येऊ, मानांग?"

"कळवते."

अर्ज माझ्या खणात आहे. माझ्या हातून अर्ज कधी हरवला नाही, उशीर झाला नाही. हा हरवलेलाही नाही. फक्त खणात आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

सेलिसा सकाळी सहाला गेली. ग्रंथालयात मैत्रिणींबरोबर अभ्यास. दुपारी आली ती अंघोळ करूनच, केस ओले, आणि पँट स्वतः धुऊन वाळत घातली. या मुलीला मी चार वेळा सांगितल्याशिवाय ती रुमाल धूत नाही.

पायाच्या नखांत काळं काहीतरी होतं, कडेकडेने राहिलेलं. मी विचारलं, "नखांना काळा रंग लावलास? बापाचं वर्ष अजून झालं नाही."

ती पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काढून टाकते, नानाय."

चेहरा उन्हाने रापलाय. ग्रंथालयात ऊन कुठून येतं? मुलगा आहे कुणीतरी. मला आधीच वाटलं होतं. कुठल्या घरचा, कोण जाणे. मोटरसायकलवाला असेल. मोटरसायकलवर मागे बसलेल्या मुली मी रोज बघते, हेल्मेट नसतं, काही नसतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

जोनेल तुपास खिडकीपाशी आला. मी मान खाली घालून शिक्के मारत राहिले. तो पासिंगशी बोलून गेला. तिने मला काही विचारलं नाही. तिने काही विचारलं नाही, याचीच मला भीती वाटते आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

क्विरांते मॅडम आज जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली. उभीच राहिली.

"मानांग, सरांची वही घरी असेल का? निळी, पुठ्ठ्याची. खाजणात कुठे गाळ मऊ आहे, कुठे माणूस खचतं, ते सगळं त्यांनी त्यात फुल्या मारून ठेवलं होतं. विषय सुरू झाला तर मुलांना आत न्यायच्या आधी मला ते हवंय."

"नाही," मी म्हटलं. "त्यांच्याबरोबर गेली ती. पाण्यात."

"अरेरे," ती म्हणाली, आणि खरंच तिला वाईट वाटलं.

वही आमच्या कपाटात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, त्याच्या घड्याळाबरोबर. दवाखान्याचा कागदही त्यातच आहे, पाकिटात. दवाखान्यात ती पिशवी माझ्या हातात दिली, तशीच मी ठेवली होती. मला वाटलं, ही वही सेलिसाच्या हाती लागली तर ती खाजणात जायला एक दिवस थांबणार नाही.

संध्याकाळी मी ती पहिल्यांदा उघडली. मला वाटलं होतं झाडांची नावं असतील. आकडे आहेत. ओळ पहिली, लावलेली चारशे, जिवंत शून्य. ओळ दुसरी, लावलेली चारशे, जिवंत शून्य. ओळ तिसरी, चारशे, दोन. असं पानामागून पान. मग एका कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'समोरच्या उघड्या गाळात कांदळ जगत नाही. लाट लागते, शिंपले चिकटतात. इथे चिप्पी यायला हवी, ती आपली आपण येते. मी एकोणीस वर्षं चुकीच्या जागी चुकीचं झाड लावलं. प्रत्येक वर्षी मेलेल्याच्या जागी नवीन लावलं आणि फोटो काढला.'

हे त्याने मला कधी सांगितलं नाही. सगळं सांगणारा माणूस.

शेवटच्या चार-पाच पानांवर आकड्यांच्या मध्ये 'थांबलो' असं लिहिलंय. ओळ अकरा, थांबलो. ओळ बारा, थांबलो, दहा मिनिटं. ओळ तेरा, थांबलो. पाणी उतरायची वाट बघत असणार. चौदाव्या ओळीला अक्षर फार वाकडं झालंय, कागद भिजला असेल. पानात पोटातल्या गॅसच्या गोळ्यांची पट्टी होती, दोनच उरलेल्या. गॅसचा त्रास त्याला होताच, छातीत भरून येतं म्हणायचा, मसालेदार खायचा.

मेलेल्या झाडांसाठी गेला तो. मला राग येतोय आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

सकाळी सेलिसा सहाला गेली. ग्रंथालय. मी कपडे धूत होते. नऊच्या पुढे वारा फिरला आणि नैर्ऋत्येकडून आभाळ काळं होत आलं. तिने छत्री नेली नव्हती. मी छत्री घेऊन ग्रंथालयात गेले.

ग्रंथपाल म्हणाली, "सेलिसा? मानांग, जूनपासून शनिवारी कधी आली नाही ती. मला वाटलं घरी तुम्हाला मदत करते."

मी घरी आले. त्या मुलाचं नाव, फोन, काहीतरी सापडेल म्हणून तिच्या खोलीत गेले. भिंतीवर कॅलेंडर होतं, शनिवारांभोवती गोल केलेले. मी ते आधीही पाहिले होते, मला भेटीगाठी वाटल्या होत्या. आज जवळून पाहिलं. प्रत्येक गोलाशेजारी बारीक अक्षरात वेळ होती, मिनिटांसकट. सात चाळीस. सहा पंचावन्न. आठ दहा. कुठला मुलगा मुलीला सात चाळीसला भेटायला बोलावतो?

तेवीस वर्षं जेवताना मी हेच आकडे ऐकले होते. ओहोटी.

मग काठी आठवली. पँट. नखं.

कशी निघाले ते सांगता येणार नाही. ट्रायसिकलवाल्याला काय बोलले तेही आठवत नाही, तो म्हणाला, "मानांग, रडू नका, नेतो." मी रडत होते हे मला तेव्हा कळलं. बांधावर पोहोचले तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि पाणी चढायला लागलं होतं. बांधावर चपलांचा एकच जोड होता. निळा. मीच मे महिन्यात बाजारातून आणला होता.

मी हाक मारायचा प्रयत्न केला. आवाज आला नाही. मी त्या चपलांशेजारी बसले आणि त्या हातात घेतल्या. पाऊस इतका होता की पुढचं काही दिसत नव्हतं. मला वाटलं, आता कुणीतरी येऊन मला पिशवी देईल.

ती कडेच्या झाडांमधून आली. गुडघ्यापर्यंत काळी, हातात बापाची काठी, पुढे टोचत, एकेक पाऊल टाकत. मला पाहिलं आणि थांबली.

वर आली तेव्हा मी तिला मारलं. दंडावर. आयुष्यात पहिल्यांदा. मग तिचा दंड धरून ठेवला.

"किती वेळा आलीस?"

"मोजलं नाही."

"आन्सेल्मोची मुलगी असून मोजलं नाहीस?"

"अकरा."

आम्ही दोघी भिजत बसलो. ती म्हणाली, "तातयचं चौदाव्या ओळीपर्यंत झालंय. तिथे त्याची लाल फीत आहे खुंटीला. पुढच्या सव्वीस ओळी राहिल्यात. मला वाटलं एकटीने होतील. पण एका माणसाने मोजायचं आणि लिहायचं, आणि पाणीही बघायचं, नाही होत."

"विषय रद्द होणार आहे," मी म्हटलं. "नऊच नावं आहेत."

"माहितीये. झाला तरी मी येणार, नानाय. मॅडमबरोबर आले तर दोरी असते, होडी असते, बाकीची असतात."

"आणि एकटी आलीस तर?"

तिने माझ्या हातातल्या चपलांकडे पाहिलं. "तर या असतात."

घरी आल्यावर मी वही तिच्यापुढे ठेवली. तिने फुल्यांचं पान उघडलं, बोट फिरवत गेली, एका फुलीवर थांबली.

"इथे मी गेल्या शनिवारी मांडीपर्यंत गेले होते."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भात चढवला. तांदूळ धुवायचे राहिले.

जेवताना तिने शेवटची पानं वाचली. 'थांबलो'वर ती बराच वेळ होती. गोळ्यांची पट्टी उलटसुलट केली. "नानाय, दवाखान्याचा कागद तू वाचलास?"

"सही केली."

"वाचलास का?"

"त्यात काय वाचायचं? समुद्राने नेलं त्याला."

तिने वही मिटली आणि माझ्या ताटात मासा वाढला.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज शेवटचा दिवस, पाचला खिडकी बंद.

सकाळी पहिलं काम म्हणून खण उघडला आणि जोनेलच्या अर्जावर तारीख टाकली. त्याला बोलावून घेतलं. तो आला, गळ्यात दुर्बीण.

"मानांग, तुम्ही कळवलंच नाही. मी पक्ष्यांकडे नाव दिलं. आता हे बघा ना, काय भारी दिसतं! तिकडे त्या मॅडमच्या बशीतला भात दिसतो."

मी त्याला चूक माझी होती म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या हो." त्याला खरंच काही वाटलं नव्हतं.

नऊ. दुपारी तीनला नऊ. चारला नऊ. क्विरांते मॅडम दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा तिने यादी मागितली नाही, नुसती माझ्याकडे पाहून गेली. नोंदणीच्या काळात मी कधी देवाकडे नावं मागितली नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी नकोत म्हणून मागितलं होतं. ते त्याने ऐकलं होतं.

साडेचारला मी एक कोरा अर्ज घेतला. कर्मचाऱ्यांना सत्राला एक विषय मोफत शिकता येतो, हा नियम मीच दर वर्षी सूचनाफलकावर लावते. बावीस वर्षांत आमच्या कचेरीतून कुणी वापरलेला नाही. पूर्ण नाव लिहिलं, इसिंग नाही. फेलिसा दालुंपिनेस. वय, एकोणपन्नास. मग तो अर्ज पासिंगच्या टेबलावर ठेवला, कारण स्वतःच्या अर्जावर स्वतः शिक्का मारता येत नाही.

पासिंगने चष्मा लावून वाचला. चष्मा काढला. पुन्हा लावला.

"अगं, तुला पोहता येतं का?"

"नाही."

"टी-शर्ट नाही मिळणार हो. ऐकलंस ना?"

"पासिंग, जोनेल तुपासचा अर्ज मी खणात ठेवला होता. मुद्दाम."

"माहितीये. दहा दिवस होता. तुझ्या खणाला कधी कुलूप नसतं, या दहा दिवसांत होतं." तिने शिक्का उचलला. "मी तक्रार करणार होते शुक्रवारी. मग म्हटलं, सोमवारपर्यंत बघू."

शिक्का सरळ बसला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

बाहेर जायच्या विषयांना पालकाचं संमतीपत्र लागतं, वकिलाच्या शिक्क्यासकट. सेलिसाच्या पत्रावर मी सही केली. तीनदा वाचलं, 'जोखीम समजून घेऊन' या शब्दांवर अडले, मग केली.

मॅडमने मलाही एक पत्र दिलं. मी म्हटलं, "माझे आईवडील नाहीत." तर म्हणाली, "घरातलं कुणीही सज्ञान चालेल, मानांग. नियम तुम्हीच लिहिलाय."

सेलिसाने माझ्या पत्रावर सही केली. तीही तीनदा वाचून. वकिलाकडचा कारकून आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होता. "यातली पालक कोण?" आम्ही दोघींनी एकदम हात वर केला.

हसले. मग वाटेत पुन्हा भीती वाटायला लागली.

३० ऑगस्ट, शनिवार

पहिला वर्ग, खोलीतच. मी शेवटच्या बाकावर. मॅडमने भिंतीवर फोटो दाखवला. फाटकापाशी आहे तोच, मध्ये आन्सेल्मो. मला माहीत होतं पुढे काय येणार. मुलं त्याला हसतील असं वाटलं.

मॅडम म्हणाली, "या फोटोतलं एकही झाड आज जिवंत नाही. ही दुसऱ्या ओळीतली मी. मी तीनशे शेंगा रोवल्या होत्या. का मेल्या ते मला सरांनीच सांगितलं, नंतर, एकदा चहा पिताना."

एका मुलाने विचारलं, "मग फळा काढायचा का?"

"आधी मोजू. मग ठरवू."

कुणी हसलं नाही. सेलिसाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी वहीत तारीख लिहिली.

६ सप्टेंबर, शनिवार

वादळाचा इशारा, जाणं रद्द. मला आनंद झाला. लपवला, पण सेलिसाला कळला. म्हणाली, "नानाय, ओहोटी पुढच्या आठवड्यातही येते."

पुढच्या शनिवारी तेरा तारीख आहे. मी मॅडमला दिवस बदलायला सांगणार होते. मॅडमच्या दारापर्यंत जाऊन आले.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज वर्ष झालं. चार वाजता घरी प्रार्थना झाली. शेजारी आले, पासिंगने मोठ्या पातेल्यात शेवया आणल्या, मी फणस घालून डुकराचं मटण केलं होतं. प्रार्थना संपल्यावर सेलिसाने माझ्या छातीवरची दुखवट्याची काळी पिन काढली, मी तिची. ब्लाउजला दोन बारीक भोकं राहिली आहेत. सगळे जेवले आणि गेले. दवाखान्याच्या कागदाचं पाकीट कपाटातून काढून वहीजवळ ठेवलं आहे. अजून उघडलेलं नाही.

पण लिहायचं आहे ते सकाळचं.

आठला आम्ही बांधावर पोहोचलो. दहा विद्यार्थी आणि मॅडम. होडीवाला कडेला थांबला. सगळ्यांनी चपला काढल्या. मी त्या मोजल्या, अकरा जोड, कुणाचा कुठला तेही बघून ठेवलं. झाडांच्या हद्दीत शिरताना सगळे 'तबी-तबी' म्हणाले. तिथे जे कुणी दिसत नाहीत त्यांना वाट मागायची असते. मी तीनदा म्हटलं. एका मुलीने विचारलं, "मानांग, एकदा पुरे होतं ना?" मी म्हटलं, "माझ्यासाठी तीनदा."

पहिलं पाऊल गाळात गेलं तेव्हा पाय आपोआप परत उचलला. थंड नसतो तो, कोमट असतो. कुणीतरी धरल्यासारखा. सेलिसा काठी टोचत पुढे, मी तिच्या पावलात पाऊल टाकत. वही माझ्याकडे होती, कारण माझं अक्षर स्वच्छ आहे. बाकीची जोड्या करून दूरच्या ओळींवर गेली.

चौदाव्या ओळीच्या खुंटीला लाल फीत होती. ऊन लागून गुलाबी झालेली. आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो. सेलिसा म्हणाली, "पंधरा," आणि पुढे निघाली.

"ओळ पंधरा. शून्य."

मी लिहिलं.

"सोळा. शून्य."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. सतरा. शून्य." मग ती वाकली. "थांब. हे बघ."

वीतभर रोप होतं, गोल पानांचं.

"हे कांदळ नाही," ती म्हणाली. "चिप्पी. आपण लावलेलं नाही. आपलं आपण आलंय."

"त्याला रकाना नाही."

"मग काढ ना."

मी पट्टी नव्हती म्हणून हाताने रेघ मारली. वाकडी आली. वर लिहिलं, 'न लावलेली', खाली, एक.

दहा वाजता मॅडमने शिटी वाजवली. पाणी फिरलं होतं. सगळे बांधाकडे निघाले. मला वहीतली फुली माहीत होती. सतराव्या ओळीच्या डावीकडे, मीच सकाळी सगळ्यांना ती वाचून दाखवली होती. पण मी एकदा मागे वळून त्या रोपाकडे पाहिलं, ते पाण्याखाली जाईल का म्हणून, आणि उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला.

मी ओढला तर डावाही गेला. पाणी गाळावरून पातळ पसरत येत होतं, आवाज न करता. मला आन्सेल्मो आठवला नाही. काहीच आठवलं नाही. फक्त ते पाणी दिसत होतं.

"नानाय, हलू नको." सेलिसा परत आली होती. आवाज अगदी शांत. "बस."

"काय?"

"खाली बस. मागे टेक."

"चिखलात?"

"चिखलातच आहेस. बस."

मी बसले. पाठीला गाळ लागला. तिने काठी माझ्या मांडीशेजारी आडवी घातली, पालथी पडून हाताने माझ्या गुडघ्याभोवतीचा गाळ मोकळा केला, पाणी आत जाऊ दिलं. "आता पाय वर नाही, मागे घे. सावकाश. सायकलीसारखा." तोपर्यंत मॅडम दोरी घेऊन आली होती, पण दोरी लागली नाही. एक पाय सुटला, मग दुसरा.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"सातव्या वेळी मीच अडकले होते," सेलिसा म्हणाली. "अर्धा तास लागला. एकटी होते."

तिने काठी मला दिली. मॅडम माझ्या पुढे, तिच्या पुढे सेलिसा, असं आम्ही निघालो. मी शेवटची. वही छातीशी धरलेली.

बांधावर चढले तेव्हा सगळे चपला घालून उभे होते. बांधावर एकच जोड उरला होता.

मी माणसं मोजली. मॅडम, सेलिसा, बाकीची आठ मुलं. दहा. पुन्हा मोजली, बोट दाखवून. दहा. सकाळी अकरा जोड होते, मी स्वतः मोजले होते. मी वळून खाजणाकडे पाहिलं. पाणी झाडांपर्यंत आलं होतं, आणि आत कुणी दिसत नव्हतं.

"कोण राहिलं?" मी ओरडले. या वेळी आवाज आला. "कोण राहिलं आत?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सेलिसा माझ्याजवळ आली. त्या चपला उचलून तिने माझ्या पायांपाशी ठेवल्या.

"नानाय, या तुझ्या आहेत."

पायांना इतका गाळ होता की पट्टे सापडेनात. तिने खाली बसून एकेक पाय आत घातला.